तीन महिन्यांनी या

कॅन्सर झालेला माणूस रात्र रात्र आढ्याकडे बघत जन्ममरणाचा विचार करतो, असं पुस्तकांत असतं. वैशाखऱ्याच्या माणसालाही झोप लागत नाही, पण ती पहाटेची गाडी चुकेल या धास्तीनं. दवाखान्याची तारीख असली की आदल्या रात्री मी घटकेघटकेला उठून घड्याळ बघतो. आमची ही माझ्या आधीच जागी असते. अंधारातून आवाज येतो, "अहो, फाइल घेतली का?"

"घेतली."

"आणि आधार?"

"घेतलं."

"झेरॉक्स?"

इथे मी उठून दिवा लावतो. जन्ममरणापर्यंत आमचं बोलणं पोचतच नाही, झेरॉक्सपाशीच उजाडतं.

माझं तर आता ठाम मत झालंय की हा आजार सोसायचा असेल तर माणसानं दवाखान्यापासून होईल तितकं लांब राहावं. परळ-दादरचा रुग्ण दहा मिनिटांत चालत दवाखाना गाठतो. मग उरलेला दिवस तो करणार काय? काळजीच करणार. आमचं तसं नाही. माळशेज घाट उतरून कल्याणकडे निघालं की पायथ्याच्या गावांत आमचं वैशाखरे. सरकारदप्तरी हा राष्ट्रीय महामार्ग ६१, आमच्या लेखी नुसता 'रोड'. आळेफाट्याकडून येणारी कल्याण गाडी घाटात धुकं असलं की रखडते, पावसाळ्यात दरड उतरली की अडकते, आणि सणासुदीला येते ती दारापर्यंत भरून. ती येईल का, आली तर बसायला मिळेल का, कल्याणला फास्ट लोकल सापडेल का, दादरला कुठला पूल चढायचा, नंबर दुपारच्या आत लागेल का, आणि नाही लागला तर परतीची शेवटची गाडी मिळेल का. मोठी काळजी दाराशी येऊन उभी असते, पण या बारक्या काळज्यांनी आधीच सगळी जागा अडवलेली असते. ती बिचारी बाहेर ताटकळत राहते.

तशी कल्याणला खेपा घालायची आमच्या वाटेला फार जुनी सवय. गावाच्या डोक्यावर नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या अमलात, जुन्नरकडचा माल हा घाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचा. वर गुहेत नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी एक भला थोरला दगडी रांजण. त्यात जकातीची नाणी टाकायची आणि पुढे चालू लागायचं, असं सांगतात. शनिवार-रविवारी मुंबईची पोरं पाठीला बोचकी लावून तो रांजण बघायला येतात आणि खाली उतरली की आमच्या पडवीत पाणी मागतात. त्यांना मी एवढंच सांगतो की बाबांनो, त्या कारभाराचं मोल ओळखा. नाणं टाकलं की वाटसरू मोकळा. आधार नाही, रेशनकार्ड नाही, झेरॉक्स नाही.

माझा उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. ती नसती तर रोडलगतचा तुकडा विकावा लागला असता, हे आधी सांगून टाकतो, कारण विनोदी लिहिणाऱ्याच्या कृतज्ञतेवर लोक विश्वास ठेवत नाहीत. दवाखान्यात या योजनेच्या टेबलावर जो बसतो त्याला 'आरोग्यमित्र' म्हणतात. आमचा मित्र पंचविशीतला, फार आर्जवी पोरगा. तो म्हणाला, "काका, रेशनकार्डावर तुमचं आडनाव शेवटी आहे आणि आधारवर सुरुवातीला."

मी म्हटलं, "माणूस तोच आहे."

त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग कार्डाकडे, मग परत माझ्याकडे. "फोटोपण जुळत नाही, काका."

फोटो आजाराच्या आधीचा होता.

आजार मोठ्या आतड्याचा. ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा काढला, मग केमो. केमो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टक्कल येतं. माझे केस शाबूत राहिले, माझ्या औषधांच्या खोडी निराळ्या होत्या. सलाइनमधून देतात त्या ऑक्झॅलिप्लॅटिनचं गारव्याशी हाडवैर. पौषात घाटावरचं वारं खाली उतरतं, तेव्हा सकाळी पितळेचा तांब्या नुसता उचलला की बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या. गार पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळून यायचा. मग मी लोकरीचे हातमोजे घालून तांब्या धरायला लागलो. आळीतली पोरं शाळेला जाता जाता मुद्दाम वाट वाकडी करून मास्तरांचा तांब्या बघायला यायची.

दुसरं औषध गोळ्यांचं, कॅपेसिटाबिन. चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी, असं एकवीस दिवसांचं चक्र. या गोळ्यांनी तळहात-तळपायांची सालं निघतात आणि काहींच्या बोटांचे ठसेच पुसून जातात. २००९ साली सिंगापूरच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात आपल्या रुग्णाची हकीकत छापली होती. हीच गोळी घेणारे बासष्ट वर्षांचे गृहस्थ नातेवाइकांना भेटायला अमेरिकेला गेले, विमानतळावरच्या यंत्राला त्यांचे ठसे सापडेनात, आणि त्यांना चार तास बसवून ठेवलं. मी अमेरिकेला गेलो नाही. मी रेशनच्या दुकानात गेलो.

तिथे ते अंगठ्याचं यंत्र असतं. उजवा अंगठा लावला, डावा लावला, मग एकेक करून दहाही बोटं लावली. अंगठा लुगड्याला पुसून बघा, अशी मागून सूचना आली, तेही केलं. लुगडं सूचना देणारणीचंच. यंत्र काही मानेना. दुकानदार माझाच विद्यार्थी. तो खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, अंगठा उमटत नाय." आता या रांगेतल्या निम्म्या बायांना साक्षरता अभियानाच्या काळात कंदिलाच्या उजेडात बसवून मी सही शिकवली होती. अंगठेबहाद्दर राहू नका, असं घसा फोडून सांगितलं होतं. त्या सगळ्या एकेक करून पुढे झाल्या, टपाटप अंगठे लावले आणि तांदूळ घेऊन गेल्या. सही येते पण अंगठा येत नाही असा सबंध तालुक्यात मीच एक निघालो. शेवटी आमच्या हिचा अंगठा चालला. तेव्हापासून कुटुंबप्रमुख कोण, या विषयावर घरात चर्चा होत नाही.

कल्याणहून पुढे लोकल. लोकलला एक छोटा डबा राखीव असतो, त्यात दिव्यांग, कर्करोगग्रस्त आणि गरोदर बाया बसू शकतात. पण या डब्यात नुसता आजार असून भागत नाही, तो दिसावा लागतो. सुरुवातीला मी चढलो तेव्हा कुबडी मांडीवर आडवी घेऊन बसलेल्या एका गृहस्थांनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

"काय झालंय?"

"कॅन्सर."

"केस तर आहेत!"

मी सर्टिफिकेट काढून दिलं. ते डबाभर फिरलं. एकानं उजेडाकडे धरून शिक्का तपासला, एका बाईंनी आजाराचं नाव मोठ्यानं वाचून शेजारणीला त्याचा अर्थ सांगितला. मग सगळ्यांचं समाधान झालं, माणसं सरकली, खिडकी मिळाली. कुबडीवाले म्हणाले, "राग मानू नका मास्तर, इथे धडधाकट लोक घुसतात." डोंबिवलीला एक चांगला उंचापुरा तरुण चढला. अख्खा डबा त्याच्याकडे बघायला लागला. "काय झालंय?" हा प्रश्न मीच पहिला विचारला.

परळचं टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं परदेशात वारल्या. तिथल्यासारखे उपचार आपल्याकडेही असावेत म्हणून टाटांच्या ट्रस्टनं ते उभं केलं. आमच्याकडे आजाराचं नाव कुणी काढत नाही, "टाटाला नेलाय" एवढंच म्हणतात, आणि ऐकणारा पुढचं विचारत नाही. तिथल्या बाकांवर मात्र कुणीही कुणालाही सगळं विचारतं. माझ्या शेजारी दरभंग्याचा माणूस होता.

"आप कहाँ से?"

"बहुत दूर. वैशाखरे. मालशेज घाट के नीचे."

"कितने दिन लगे?"

"चार घंटे."

त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तशी कीव माझी कॅन्सरबद्दलही कुणी केली नव्हती. तो दोन रात्री गाडीत काढून आला होता. आम्हा दोघांनाही मागच्या बाकावरच्या त्रिपुराच्या बाईंनी गप्प केलं. त्या बाकांवर मान अंतरावर ठरतो, आणि त्यात ठाणे जिल्ह्याच्या माणसाला काडीची प्रतिष्ठा नाही. दरभंग्याच्या भाऊंना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली होती. दादरला भाजी कुठल्या कोपऱ्यावर स्वस्त, परळला कुठल्या जिन्यानं उतरलं की चालणं वाचतं, हे त्यांनी मला हिंदीतून समजावून दिलं. जन्म ठाणे जिल्ह्यात काढून मुंबई मला बिहारकडून कळली.

फाइलबद्दल सांगायचं राहिलं. फाइल म्हणजे पिशवी. आमची पिशवी मुरबाडच्या साडीच्या दुकानातली आहे, मुलीच्या लग्नातली. जाड आहे, बंद पक्के आहेत, आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'आपल्या आनंदात आम्ही सहभागी' असं छापलेलं आहे. आत बायॉप्सीचा रिपोर्ट. इकडेतिकडे बघितलं तर प्रत्येकाच्या मांडीवर अशीच एक: सराफाची, हलवायाची, शालूवाल्याची. नंबर पुकारला की माणूस 'शुभमंगल' छातीशी धरून आत जातो.

आत तरुण डॉक्टरीणबाई असतात. त्या माझ्या मुलीहून लहान आहेत आणि मला काका म्हणतात. परीक्षेत नापास झालेल्या पोराच्या बापाशी मी ज्या सुरात बोलायचो, तोच सूर त्यांनी इतक्या लहान वयात कमावलाय. त्या म्हणाल्या, "काका, सगळं छान आहे. लिव्हरमध्ये फक्त एक छोटासा ठिपका दिसतोय. सहा-सात मिलिमीटरचा."

"भाताच्या दाण्याएवढा," आमची ही म्हणाली. तिचं माप बरोबर होतं.

"हो काकू. काही नसेलही."

"आणि असला तर?" मी.

"असला तर कळेलच. सध्या एवढा बारीक आहे की नक्की काही सांगता येत नाही."

सगळी नोकरी मी गणित शिकवलं. 'नसेलही' हे उत्तर पोरानं लिहिलं असतं तर त्याला उठून उभा केला असता. इथे मीच उभा होतो, हातात पिशवी.

मग पेट स्कॅन. उपाशीपोटी जायचं, आधी रक्तातली साखर तपासतात, मग किरणोत्सारी साखर टोचतात आणि तासभर एका खोलीत गप्प बसवतात. बोलायचं नाही, हलायचं नाही, मोबाइल नाही. कॅन्सरच्या पेशींना भूक फार. जिथे जास्त साखर खाल्ली जाते तिथे चित्रात उजेड पडतो. (टाटा रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. हे कळल्यावर मला उगीचच आपण देशाच्या काहीतरी मोठ्या कामात आहोत असं वाटलं.) बाहेर पडताना तिथल्या मुलानं बजावलं, "आज काही तास लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहा."

मी परळला प्लॅटफॉर्मवर आलो आणि माझ्या लक्षात आलं की रेल्वेनं मला ज्या डब्यात बसायचा हक्क दिलाय, त्याच डब्यात गरोदर बायांनाही दिलाय. कर्करोगग्रस्त म्हणून मी तिथे बसायला पात्र, आणि नेमका आजच्या दिवशी तिथे बसायला अपात्र. सर्टिफिकेट आहे पण चढायचं नाही, ही स्थिती मी डब्याच्या दाराशी उभ्या असलेल्या कुबडीवाल्यांना कशी समजावणार? मी मुकाट्यानं साध्या डब्यात शिरलो आणि कल्याणपर्यंत एका पायावर उभा राहिलो. तेवढ्यात गणित सुचलं. त्या साखरेतल्या फ्लोरीनचं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं. म्हणजे दोन अर्धायुष्यांना २२० मिनिटं, पावणेचार तासांना थोडी कमी. परळ ते वैशाखरे आमचा प्रवास साधारण तेवढाच. घरी पोचेपर्यंत माझ्यात चतकोरच किरणोत्सार उरणार! दादरच्या माणसाला दहा मिनिटांत घरी जाऊन नातवंडांपासून पळत राहावं लागतं. लांब राहावं म्हणतो ते उगाच नाही.

पेटचा रिपोर्ट आला: ठिपका साखर घेत नाही. अर्थात इतक्या बारक्या ठिपक्याबाबत पेटचाही शब्द पक्का नसतो. मी हे घरी सांगितलं, हिनं शेजारी, शेजारणीनं पाणवठ्यावर, आणि संध्याकाळपर्यंत टोकावड्याच्या नाक्यावर बातमी पोचली की गुरुजींना साखर झाली. कॅन्सर होताच, आता डायबेटिसपण. त्या दिवसापासून ज्या घरी जाईन तिथे मला बिनसाखरेचा काळा चहा मिळतो. खुलासा करून थकलो. "गुरुजींना दुखवायचा नाय," म्हणून सगळे हो हो म्हणतात आणि साखरेचा डबा मागे सरकवतात.

गावाला ठिपका पटत नाही. गावाला हो किंवा नाही लागतं. "काय बोलला डाक्टर?" असं विचारणाऱ्याला "तीन महिन्यांनी बघू बोलला" हे उत्तर दिलं की तो माझ्याकडे संशयानं बघतो; मी काहीतरी लपवतोय किंवा डॉक्टरला काही येत नाही, या दोनच शक्यता त्याच्यापुढे असतात. मग तो स्वतः निकाल लावतो. कुणाच्या साडूला सेम असंच झालं होतं, तो पपईच्या पानाच्या रसानं खडखडीत झाला. कुणाच्या मामाला सेम असंच झालं होतं आणि, जाऊ दे, ते नंतर कधीतरी.

आणि नवस! माझ्या नावावर परस्पर कोण कोण काय काय बोलून बसलंय, याचा हिशेब एकदा हिनं वहीत मांडला. बहिणीनं म्हसोबाला, म्हणजे पौषी पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते त्या म्हसोबाला, एक बोकड कबूल केलेला. मेहुण्यानं टिटवाळ्याच्या गणपतीला एकवीस किलो मोदक. चुलत्यांनी कार्ल्याच्या एकवीरेला सगळं खटलं नेण्याचं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तर मी चालत जेजुरीला येईन असं खंडोबाला सांगून टाकलंय, मला न विचारता. मी म्हटलं, बरा झालो तर बुडालो. उपचाराचा खर्च योजनेत बसतो, नवस बसत नाहीत. त्यावर ही म्हणाली, "म्हणूनच तर ठिपका ठेवलाय देवानं. हप्त्याहप्त्यानं फेडू."

या सगळ्यात एक प्रश्न मात्र आडून आडून सगळेच विचारतात, तो म्हणजे किती. मुलीनं मला स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाचा लेख मोबाइलवरून वाचून दाखवला. १९८२ च्या जुलैत त्याला पोटाच्या अस्तराचा दुर्मीळ कर्करोग निघाला. त्यानं ग्रंथालयात जाऊन बघितलं तर या आजारात जगण्याचा मध्यक आठ महिने. दुसरा कुणी तिथेच बसला असता. हा हिशेबी माणूस. त्यानं विचार केला, मध्यक आठ महिने म्हणजे निम्मे लोक आठ महिन्यांहून जास्त जगतात, आणि त्या जास्तीच्या बाजूला रांग बरीच लांबवर गेलेली असते. मग आपण त्या रांगेत का नसावं? १९८५ साली त्यानं 'द मीडियन इझन्ट द मेसेज' हा लेख लिहिला. निदानानंतर वीस वर्षं जगून तो २००२ मध्ये गेला, तोही दुसऱ्याच कर्करोगानं.

मला हे इतकं आवडलं की मारुतीच्या पारावर मी ते समजावून द्यायला घेतलं. अकरा शेतकऱ्यांचं भात क्रमानं मांडा, एका टोकाला सगळ्यांत कमी पिकलं तो, दुसऱ्या टोकाला सगळ्यांत जास्त पिकलं तो. मधला, म्हणजे सहावा, तो मध्यक. कळलं?

"कळला," एक म्हातारबा म्हणाले. "मंग तुमचा नंबर कितवा?"

"तेच तर सांगता येत नाही."

"मंग एवढा गणित करून फायदा काय झाला?"

अशा वेळी कुणीतरी पवारसाहेबांचं नाव काढतो आणि चर्चा संपते. २००४ ची लोकसभा निवडणूक, तोंडाचा कर्करोग, ऑपरेशन. एका डॉक्टरनं सहा महिने सांगितले होते, हे शरद पवार स्वतःच भाषणांतून सांगतात. त्याच वर्षी ते केंद्रात कृषिमंत्री झाले आणि दहा वर्षं राहिले. यावर गूल्डही निरुत्तर झाला असता. पवारसाहेबांचा मध्यक आजवर कुणाला काढता आलाय? सुपारी-तंबाखूच्या नादी लागू नका, असंही पवार सांगतात. तेवढा भाग सांगणारा गाळतो, कारण सांगता सांगता त्याची तळहातावरची मळून झालेली असते.

परतीच्या रात्री मात्र जरा कठीण जातं. गाडी मिळालेली असते, नंबर लागून गेलेला असतो, झेरॉक्सही परत पिशवीत. बारक्या काळज्या सगळ्या एकदम संपतात आणि दार मोकळं पडतं. अशा रात्री आम्ही दोघंही जागे असतो आणि दोघंही झोपल्याचं सोंग करतो. मग अंधारातून ही विचारते, "अहो, गॅस बंद केला होता का?" बंदच असतो, तिनंच केलेला असतो. मी उठतो, बघून येतो. थोड्या वेळानं मी विचारतो, "मोटरचं बटण?" ती उठते. असं करत करत कोंबडा आरवतो.

तर आमच्यासारख्यांनी डॉक्टरांच्या बोलण्यावरून काही ओळखायला जाऊ नये. चेहऱ्यावरून तर नाहीच. एकदा डॉक्टरीणबाई हसल्या म्हणून आम्ही कल्याणपर्यंत खुशीत आलो, नंतर कळलं की त्या फोनवर हसल्या होत्या. खरी गोम तारखेच्या अंतरात असते. महिन्याभरानं बोलावलं तर गडबड आहे, तीन महिन्यांनी म्हणजे बरं आहे, सहा महिन्यांनी म्हणजे जत्रेला जा. हे हिनं बाकावर बसून शेजारणींकडून शिकून घेतलंय. त्यामुळे या वेळी, कार्तिकात, भात झोडून झाल्यावर आम्ही गेलो, तेव्हा बाईंनी "तीन महिन्यांनी या" म्हटल्याबरोबर तिनं घासाघीस सुरू केली.

"सहा महिन्यांनी येतो ना, बाई."

"नाही काकू, तीनच."

"बरं, पाच."

"काकू, ठिपका बघायचाय ना आपल्याला?"

"त्याला काय होतंय? साखर तर खात नाही तो." बाई खरोखर हसल्या, यावेळी फोनवर नाही. पण तारीख माघातलीच लिहिली.

परतीच्या गाडीत कल्याणलाच जागा मिळाली. एसटीचा एक गुण मला फार आवडतो, तिथे 'नसेलही' नाही. बायकांना कुठल्याही वयात अर्धं तिकीट, पुरुषाला पासष्टाव्या वर्षी अर्धं, पंचाहत्तरी ओलांडली की फुकट. पुढच्या दहा-अकरा वर्षांचं एवढं स्वच्छ चित्र मला अजून कुठल्या डॉक्टरनं काढून दिलेलं नाही. कंडक्टर आला, त्यानं माझी बसलेली गालफडं बघितली आणि न विचारताच यंत्रावर बोट ठेवलं. "बाबा, दोन हाफ ना?"

"एक हाफ, एक फुल्ल."

"पासष्ट नाही झाली?" त्याचा विश्वास बसेना.

"फाल्गुनात होतील." मी आधार काढून त्याच्या हातात दिलं. इतक्या ताठ मानेनं मी ते कार्ड आजवर कुठल्याच खिडकीवर दिलं नव्हतं. त्यानं जन्मतारीख वाचली, फोटो बघितला, मला बघितलं, आणि काही न बोलता फुल्ल तिकीट काढलं.

ही मुरबाडपर्यंत माझ्याशी बोलली नाही. गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं, हे तिच्या पाठमोऱ्या अंबाड्यावरसुद्धा लिहिलेलं होतं. मुरबाड सुटल्यावर तिनं पिशवीतून तारखेचा कागद काढला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "अहो, बाईंना फोन लावा. म्हणावं, माघाऐवजी चैत्रात येतो. अर्धं तिकीट बसेल."